‘परत ये’ म्हणू का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका अमेरिकेत युटामध्ये, सॉल्ट लेक सिटीजवळ राहतात. मूळच्या साताऱ्याच्या. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. एकुलता एक मुलगा शाळेतल्या मित्रांबरोबर मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये जाऊ लागला, अठरा पूर्ण झाल्यावर त्याने बाप्तिस्मा घेतला आणि वर्षभराने विद्यापीठातला प्रवेश पुढे ढकलून दोन वर्षांच्या मिशनसाठी, म्हणजे धर्मप्रचाराच्या कामासाठी, ब्राझीलच्या ईशान्य भागात गेला. त्याला नऊ महिने झाले. दर सोमवारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा वडील खोलीचं दार लावून घेतात. महिनाभरात मुलगा वाळलाय, बोलणं कमी झालंय. मागच्या सोमवारी म्हणाला, ‘आई, मला नाही जमत. पण मधेच परत आलो तर सगळे काय म्हणतील?’ वडील म्हणतात, उद्याच तिकीट काढ. लेखिकेला तो घरी हवाच आहे, पण आपल्या सांगण्यावरून आला तर जन्मभर आपल्याला बोल लावेल अशी धास्ती वाटते. भरीला साताऱ्याच्या सासूबाईंना नातू ‘ब्राझीलला शिकायला’ गेलाय असं सांगून ठेवलंय आणि त्या येत्या उन्हाळ्यात युटाला यायच्या आहेत. मुलाला परत ये म्हणू का, आणि सासूबाईंना काय सांगू, असं त्या विचारतात.

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ‘त्याच्या शर्टावरच्या काळ्या पट्टीवर आमचं आडनाव आहे आणि त्याखाली पोर्तुगीजमध्ये त्यांच्या चर्चचं नाव. ती पट्टी दिसली की ह्यांना राग येतो आणि मला रडू.’

तुमच्या घरात दोन वेगळ्या गोष्टींचा वाद एकाच वेळी चाललाय आणि दोन्ही सोमवारच्या त्या अर्ध्या तासात कोंबले जातायत. एक, मुलाची तब्येत ठीक आहे का. दुसरी, त्याने धर्म बदलला हे आपल्याला पटलंय का. ‘परत ये म्हणू का’ हा प्रश्न पहिल्या गोष्टीतून आलाय, पण तुम्ही दोघंही उत्तर देताय ते दुसरीचं. खरी गोची तिथे आहे. आपण ‘जमत नाही’ म्हटलं की आई-बाबांना ‘मी चुकलो’ एवढंच ऐकू येणार, हे त्या पोराला चांगलं कळतं. महिनाभर तो गप्प राहिला त्याचं निदान अर्धं कारण हे असावं.

आधी त्याचा दिवस कसा जातो ते बघू या. पत्रात त्याच्याबद्दल बरंच आहे, त्याच्या दिवसाबद्दल जवळजवळ काहीच नाही. साधारण साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. हल्ली तिथल्या हवामानाप्रमाणे आणि रीतीप्रमाणे वेळ थोडी मागेपुढे करता येते, पण सोळा तासांचा साचा तोच. सकाळी व्यायाम, मग स्वतःचं वाचन, मिशनने सोबत दिलेल्या जोडीदाराबरोबर वाचन, भाषेचा अभ्यास. त्यानंतर बाहेर. ब्राझीलमध्ये, आणि ईशान्येकडच्या वस्त्यांमध्ये तर हमखास, लोक दाराची कडी वाजवत नाहीत. फाटकाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवतात. तुमचा मुलगा पांढरा शर्ट आणि टाय घालून, विषुववृत्ताजवळच्या दुपारी, एकामागून एक फाटकांसमोर टाळ्या वाजवत उभा असतो. आतून कुत्रं भुंकतं. कोणी आलंच तर बहुधा तोंडावर नाही म्हणत नाही. ‘गुरुवारी या’ म्हणतं. गुरुवारी हे दोघं जातात, तर घरात माणसं असूनही फाटक उघडत नाही. असं रोज. विक्रीची नोकरी केलेल्या कोणालाही विचारा, नऊ महिन्यांत माणसाचं काय होतं. त्याला विश्वास ढळावाच लागतो असं नाही.

दुपारचं जेवण बहुतेक वेळा तिथल्या चर्चच्या एखाद्या कुटुंबात. भात, काळ्या किंवा तांबड्या घेवड्याची आमटी, मांसाचा तुकडा, वर कसाव्याचं भाजलेलं पीठ. तुम्ही लिहिलंय की तो घरी अंड्यापलीकडे मांसाहार करत नव्हता. मग वाळण्याचं एक साधं कारण इथेच असू शकतं. ज्या घरात चार माणसांचं जेवण सहांत वाटलं जातं तिथे पाहुण्याने ‘हे मला नको’ म्हणायचं कसं, हा प्रश्न त्याला रोज दुपारी पडत असणार.

आणि सोमवार. त्याला ते ‘तयारीचा दिवस’ म्हणतात. कपडे धुणं (तिकडे मागच्या अंगणात खरबरीत उताराची सिमेंटची टाकी असते, तिच्यावर घासून), बाजार, केस कापणं, खोली झाडणं, ईमेल आणि घरी फोन. सगळं संध्याकाळपर्यंत उरकायचं, कारण संध्याकाळी पुन्हा कामावर. म्हणजे तुम्हाला तो भेटतो तो आठवड्यातल्या एकमेव मोकळ्या दिवशी, बादलीभर कपडे धुऊन झाल्यावर. तो दमलेला दिसतो हे खरंच आहे, पण ते बघताना एवढं लक्षात असू द्या. एक गोष्ट मात्र तुमच्या पदरात पडली आहे. 2019 च्या फेब्रुवारीआधी या मुलांना घरी फोन करता यायचा तो वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. तुमच्या हातात दर आठवडा आहे.

आता तुम्ही गृहीत धरलेल्या काही गोष्टी.

‘परक्या देशात माझं लेकरू एकटं पडलंय,’ असं तुम्ही लिहिता. मला भीती उलटी वाटते. तो एक क्षणही एकटा नसतो. मिशनचा नियमच असा की जोडीदार, त्यांच्या भाषेत ‘कंपॅनियन’, कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. न्हाणीघर सोडलं तर चोवीस तास. हा जोडीदार त्याने निवडलेला नसतो. मिशन प्रेसिडेंट जोड्या लावतात आणि साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. जोडी जमली तर जन्माची दोस्ती होते. नाही जमली तर ते सहा आठवडे काय असतील याची कल्पना करा. दारापर्यंत एकट्याने फेरी मारून येण्याचीही सोय नाही. म्हणून सोमवारी पहिला प्रश्न विचारायचा तो ‘सध्या कंपॅनियन कोण आहे, आणि कसा आहे?’ महिनाभरातच बिघडलंय म्हणता, म्हणजे मागच्या बदलीशी याचा संबंध असण्याची दाट शक्यता आहे.

दुसरं, ‘त्यांनी आमचा मुलगा नेला.’ तुम्हीच लिहिलंय की त्याने दोन उन्हाळे दुकानात काम करून पैसे साठवले आणि तुमच्याकडून एक डॉलर घेतला नाही. अमेरिकेतून जाणाऱ्याला महिन्याला 500 डॉलर भरावे लागतात, चोवीस महिन्यांचे 12,000. पगार शून्य. बाप्तिस्म्यानंतर वर्षभर थांबावं लागतं, डॉक्टरी तपासण्या होतात, मुलाखती होतात, आणि कुठल्या देशात जायचं हे आपल्याला ठरवता येत नाही. एवढं सगळं करणारा मुलगा भोळा म्हणून भुलला असं मला तरी म्हणवत नाही. दबाव नव्हता असंही मी म्हणणार नाही. त्या चर्चमध्ये मुलींना मिशन ऐच्छिक, मुलांना मात्र ते कर्तव्य म्हणून सांगितलं जातं. युटामध्ये तर वर्गातली मित्रमंडळी एकामागून एक निघत असतात, दर रविवारी कोणाचा ना कोणाचा निरोपसमारंभ. ज्या मुलाचं आडनाव शाळेत कोणाला नीट उच्चारता येत नव्हतं, त्याला तिथे ‘आपला’ म्हणणारं घर सापडलं असेल. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं: त्याने स्वतः ठरवलं, आणि ठरवणं सोपं जावं असंच आजूबाजूला सगळं होतं. आपल्याकडे इंजिनियरिंगला जाणारी निम्मी पोरं अशीच ठरवतात.

तिसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं: ‘परत आला की सुटेल.’ कोणापासून? तो परत येणार युटात, ज्या गल्लीतून वाजतगाजत गेला तिथेच. मधेच परतलेल्या मुलाकडे तिथले लोक कसे बघतात हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. चर्च स्वतः आजारी मुलाला सन्मानाने मोकळं करतं, पण शेजारणीची नजर चर्चच्या नियमाने चालत नाही. आपण मराठी माणसांनी यावर फार नवल करू नये. विठ्ठलपंत गुरूच्याच आज्ञेवरून संन्यासातून संसारात परत आले, तर आळंदीने त्यांचं आणि त्यांच्या लेकरांचं काय केलं हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. जाणाऱ्याचं कौतुक किंवा निषेध करणारे पुष्कळ भेटतात, परतणाऱ्याला सुखाने परतू देणारे फार थोडे. तुमच्या घराला तेवढं जमलं तर पुष्कळ झालं. पण त्यासाठी त्याच्या परतण्यावर बाबांनी ‘मी म्हणत नव्हतो?’ असं बोट ठेवता कामा नये. ते वाक्य न बोलता नुसत्या चेहऱ्यावरही दिसतं.

तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय की तो ‘जमत नाही’ म्हणाला तेव्हा क्षणभर तुम्हाला बरं वाटलं. वाटू द्या. त्यात पाप नाही. फक्त ते बरं वाटणं त्याच्यासमोर आणू नका. त्याला त्या घडीला एका अशा माणसाची गरज आहे ज्याला त्याच्या जाण्यायेण्यातून काहीच मिळवायचं नाही.

तर सोमवारी काय करायचं?

बोलणं मराठीत करा. जोडीदार बहुधा त्याच खोलीत, शेजारच्या खुर्चीवर आपल्या घरी बोलत असतो. इंग्रजीत तुमचा मुलगा मोकळं बोलूच शकणार नाही. त्याचं मराठी घरगुती असेल, मोडकंतोडकं असेल, चालेल. सुचलं नाही तर ईमेल लिही म्हणावं. ‘कसा आहेस?’ विचारू नका, ‘बरा आहे’ एवढंच येईल. झोप कधी लागते, मधे जाग येते का, काल दुपारी काय जेवलास, शेवटचं मनापासून हसलास कधी, सकाळी उठताना छातीत धडधडतं का, असे बारीक प्रश्न विचारा. चर्चने मिशनऱ्यांसाठीच काढलेली एक पुस्तिका आहे. तिच्यात ताणाचे चार रंग दिलेत, हिरवा, पिवळा, केशरी, लाल. ती त्याच्याकडे असणार किंवा त्याच्या फोनवर मिळेल. ‘सध्या कुठला रंग?’ एवढं विचारलं तरी त्याला सांगायला सोपं जातं. त्यात धर्माचा प्रश्न येत नाही, आणि त्याच्याच चर्चची भाषा असल्याने कबूल करायला लाजही वाटत नाही.

मग त्याला एक गोष्ट सांगा, तीही एकदाच: ‘तू उद्या आलास तरी, पंधरा महिन्यांनी आलास तरी, घर तेच आहे. कारण विचारणार नाही.’ आणि तिथे थांबा. ‘ये’ही नको आणि ‘दम धर, होईल’ही नको. दुसऱ्याची मला जास्त काळजी वाटते, कारण आपल्या घरांमध्ये तेच आपसूक तोंडात येतं. मधे सोडायचं नाही, सुरू केलं ते तडीस न्यायचं. मुलाने धर्म बदलला तरी हा हट्ट तुमच्याकडूनच घेऊन तो गेलाय.

त्याच्यापुढे ‘राहा किंवा ये’ एवढे दोनच रस्ते आहेत असं तुम्हाला वाटतंय, आणि बहुधा त्यालाही. तसं नाही. मिशन प्रेसिडेंट आणि त्यांची पत्नी तीन वर्षांसाठी शंभराहून जास्त मुलामुलींची जबाबदारी घेऊन तिथे असतात. दर आठवड्याला मिशनरी त्यांना पत्र लिहितोच. त्या पत्रात त्याने ‘सगळं छान’ लिहिणं बंद करावं. जोडीदार बदलून मागता येतो, सहा आठवडे संपायची वाट न बघता. डॉक्टरकडे जाता येतं. मनाच्या तब्येतीसाठी मिशनऱ्यांना सल्लागार मिळतात, तेही मागता येतात. त्यातून भागलं नाही तर घरी येऊन उपचार घ्यायचे आणि बरं वाटल्यावर पुन्हा जायचं, किंवा घरी राहूनच सेवा-मिशन करायचं, म्हणजे अन्नछत्र, रुग्णालय, गोदाम अशा ठिकाणी काम, हेही चर्चच्या मान्यतेने होतं. आणि सगळं सोडून यायचं असेल तर तेही आहेच. यातलं कुठलं, हे त्याने सांगायचं. वीस वर्षांचा आहे. तुम्ही फक्त प्रत्येक रस्ता मोकळा आहे ना ते बघा: पासपोर्ट कुठे आहे आणि मागितला तर लगेच हातात येईल का, एवढं त्याला विचारून ठेवा, आणि तिकिटाचे पैसे बाजूला काढा. त्याला त्याचा गाजावाजा करून सांगू नका.

एक अपवाद. तो झोपत नसेल, जेवत नसेल, ‘मी नसलेलाच बरा’ अशा अर्थाचं काही बोलला किंवा लिहिलं, तर पुढच्या सोमवारची वाट बघायची नाही आणि कोणाच्या भावना दुखावतील हाही विचार करायचा नाही. त्याच क्षणी मिशनच्या कार्यालयाला फोन करा, प्रेसिडेंटशी स्वतः बोला, मुलाजवळ कोणीतरी मोठं माणूस पोचलंय याची खात्री करून घ्या. ब्राझीलमध्ये 188 या क्रमांकावर चोवीस तास मोफत मन मोकळं करता येतं आणि त्याला आता पोर्तुगीज येतं. रुग्णवाहिकेसाठी 192. तुम्हाला स्वतःला काय करावं सुचेना तर अमेरिकेत 988 आहे. अशा वेळी आई-बापाने ठरवायचं असतं.

आता त्याचे बाबा. तुम्ही त्यांच्या रागाबद्दल पानभर लिहिलंय आणि मधेच दोन ओळींत रविवारच्या सकाळच्या चहाबद्दल. बाप-लेक रविवारी एकत्र चहा करायचे, आलं बाबा किसायचे. बाप्तिस्म्यानंतर मुलाने चहा बंद केला आणि बाबांनी किसणी. मला वाटतं पानभर मजकुरापेक्षा त्या दोन ओळी खऱ्या. मुलाच्या चर्चमध्ये चहा-कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. 1833 पासूनची शिकवण आहे, तुमच्या मुलाने बाबांना दुखवायला काढलेली नाही. बाबांना वाटलं चहा नाकारला म्हणजे मला नाकारलं. असं वाटणं मी चूक म्हणणार नाही. पण बंदी आहे ती चहाच्या पानाला. गवती चहा, आलं, तुळस यांच्या काढ्याला त्यांच्यात हरकत नसते. हे कधीतरी त्यांच्या कानावर घाला, पण या सोमवारी नको.

या सोमवारी त्यांनी दहा मिनिटं येऊन बसावं एवढंच मागा. धर्म, तिकीट, वाया गेलेलं वर्ष, काही नाही. क्रिकेटबद्दल बोलू देत, गाडीच्या बॅटरीबद्दल बोलू देत. वर्ष वाया गेल्याची त्यांची काळजी तशीही फार खरी नाही. युटातल्या विद्यापीठांना मिशनवर जाणारी मुलं नवी नाहीत, प्रवेश राखून ठेवायची तिथे रीतच आहे. आणि ते ‘आम्हाला त्याच्या लग्नालाही आत घेणार नाहीत’ म्हणतात, त्याबद्दल: त्यांच्या चर्चच्या मंदिरातल्या (‘टेंपल’मधल्या) लग्नविधीला बाहेरच्यांना प्रवेश नाही हे खरं. पण 2019 पासून जोडप्याला आधी सगळ्यांसमोर साधं लग्न करून मग लगेच मंदिरात जाता येतं, पूर्वीसारखं वर्षभर थांबावं लागत नाही. विशीतल्या पोराच्या लग्नाची चिंता आत्ता का, हा प्रश्न मी गिळते.

हे वाचणाऱ्या इतर काही घरांमध्ये मिशन नसेल. कोणाची मुलगी इस्कॉनमध्ये गेली असेल, कोणाचा मुलगा आश्रमात, कोणाचा सैन्याच्या अकादमीत. तुमच्याकडेही फोनचा दिवस ठरलेला असेल, आणि त्या फोनवर तुम्हीही निकाल देत असाल. तुम्हालाही मी हेच सांगेन: तब्येतीचं तब्येतीपाशी, मताचं मतापाशी. मतभेद सांगायला पत्र लिहा, त्यासाठी तो एक फोन खर्च करू नका. आणि त्या संस्थेत तुमच्या मुलाची जबाबदारी नक्की कोणावर आहे, त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर, हे सगळं ठीक चाललेलं असतानाच मिळवून ठेवा.

राहता राहिल्या सासूबाई. त्या विमानात बसायच्या आधी त्यांना कळलं पाहिजे, आणि ते त्यांच्या मुलाने सांगितलं पाहिजे. तुम्ही सांगितलंत तर सुनेने नातू घालवला असा त्याचा अर्थ निघायला वेळ लागणार नाही. ‘आई, तो ख्रिश्चन झालाय, त्यांच्या चर्चच्या कामाला दोन वर्षांसाठी ब्राझीलला आहे, आम्ही तुला खोटं सांगितलं.’ तीन वाक्यं. त्या रडतील, कदाचित महिनाभर बोलणार नाहीत. तुम्ही म्हणता त्यांच्या प्रकृतीसाठी लपवलं. पण पत्रात त्यांच्या प्रकृतीची एकही तक्रार नाही, साताऱ्यातल्या नात्यागोत्याची मात्र पाच नावं आहेत. त्या युटाला आल्यावर रविवारी शेजारची सगळी कुटुंबं नटूनथटून चर्चला जाताना बघतील, कोणीतरी दारात येऊन ‘तुमचा एल्डर कसा आहे?’ (मिशनवरच्या मुलांना ते एल्डर म्हणतात) विचारेल, आणि मग तुम्हाला काही सांगायची गरजच उरणार नाही.

उन्हाळ्याची वाट बघू नका. साताऱ्याला फोन या रविवारीच होऊ दे. म्हणजे सोमवारी तुम्हाला मुलाला सांगता येईल की आजीला कळलंय, तिच्याशी बोलताना त्याला आता खोटं कॉलेज रचायला नको.